बोल्ट, किटकॅट आणि सांडवा: एका शाखेचा अनुभव दुसरीच्या कामी कसा आणायचा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मेकॅनिकल डिप्लोमा करून दारव्हा तालुक्यात अवजारं दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं आहे. धाकटा भाऊ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो डिझाइन पॅटर्नबद्दल सांगत असतो. आमच्या चौकात मोटर रिवाइंडिंगवाला, सोलर बसवणारा, पाणीपुरवठ्याचा कंत्राटदार, गवंडी सगळे एकाच टपरीवर चहा पितात, पण एकाला आलेली अक्कल दुसऱ्याच्या कामी येत नाही. पॅटर्न लिहून ती वाटता येईल का, की हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं काम आहे?"

पॅटर्न म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिच्यावर टिकलेला तोडगा, नाव देऊन कागदावर मांडलेला. कॉम्प्युटरवाल्यांनीच ते बांधकामवाल्यांकडून उचललं आहे, त्यामुळे संकोच नको. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा वास्तुविशारद, जन्म व्हिएन्नाचा, शिकवायला कॅलिफोर्नियात बर्कलीला. त्याच्या १९६४ च्या पुस्तकात उदाहरण म्हणून घेतलं आहे ते भारतातलं सहाशे वस्तीचं खेडं. त्या खेड्याच्या १४१ गरजा त्यानं मांडल्या आणि कुठली गरज कुठलीच्या आड येते हे तपासलं. पुढे १९७७ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी शहरांच्या मांडणीपासून घराच्या खिडकीपर्यंत २५३ पॅटर्न छापले. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती पद्धत प्रोग्रॅमिंगला लावून पाहिली. १९९४ मध्ये चौघा लेखकांचं २३ पॅटर्नचं पुस्तक आलं आणि तुमच्या भावाच्या धंद्यात हा शब्द घरचा झाला. कनिंगहॅमनं १९९५ मध्ये पहिली विकी, म्हणजे कुणीही पानं लिहू-सुधारू शकेल अशी वेबसाइट, उभी केली, तीही प्रोग्रॅमर लोकांचे पॅटर्न गोळा करायलाच. इतिहास एवढा पुरे.

मी मूळचा मेकॅनिकलचा. निम्मी नोकरी अकोल्याकडे डाळ मिलच्या मेंटेनन्समध्ये गेली, उरलेली ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या योजनांवर. इलेक्ट्रिकल, सिव्हिल, मेकॅनिकल असे कप्पे खेड्यात राहत नाहीत. मोटर बंद पडली की गावाला पाणी हवं असतं, तुमची शाखा कोणती हे कुणी विचारत नाही. त्यामुळे एकीकडचं दुसरीकडे नेणं हा माझा छंद नव्हता, तेच काम होतं. तेव्हा पहिली गोष्ट ठासून सांगतो: उपाय लिहून ठेवलात तर तो शेजारच्या दुकानापर्यंतही जाणार नाही. जाते ती त्यामागची ओढाताण. कोणत्या दोन-तीन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढत होत्या, त्यातून कुठला तोल टिकला, आणि त्या तोलानं नवीन कोणतं दुखणं आणलं, एवढं ज्या कागदावर आहे तो पॅटर्न. बाकी सगळं वापरायची माहिती.

तुमच्याच वर्कशॉपमधलं घ्या. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून अवजाराला ताकद देणाऱ्या जोडावर, ५४० आरपीएमनं शाफ्ट फिरतोय, मुरमाड वावरात रोटाव्हेटरचं पातं दगडाला अडकलं, आता काहीतरी तुटणारच. काय तुटावं हे बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं: शिअर बोल्ट. चहापाण्याच्या पैशात येणारा बोल्ट तुटतो आणि हजारोंचा गिअरबॉक्स वाचतो. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मे महिन्याचं ऊन, तासावर लावलेला ट्रॅक्टर, वावराचा मालक धुऱ्यावर उभा, आणि बोल्ट दुपारपर्यंत दुसऱ्यांदा तुटलेला. ड्रायव्हर काय करतो? डब्यात हाताला लागेल तो बोल्ट ठोकतो आणि चालू पडतो. बोल्टच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतात. ४.६ म्हणजे तुटायची ताकद ४०० मेगापास्कल, ८.८ म्हणजे ८००. जिथं ४.६ सांगितला होता तिथं ८.८ बसला की तुटायची हद्द दुप्पट झाली, आणि आता बोल्टाआधी गिअरचे दात जातात. एका मिस्त्रीनं मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: "साहेब, बोल्ट तुटला का लोकं मले शिव्या देते, गिअरबॉक्स तुटला का कंपनीले देते."

त्या वाक्यात अख्खी ओढाताण आहे. आता बोल्ट विसरा, वाक्य धरून ठेवा आणि विहिरीवरच्या पेटीकडे या.

स्टार्टरच्या वर तीन किटकॅट, म्हणजे तार घालायचे फ्यूज. आत फ्यूजची बारीक तार असायला हवी. उघडून पाहा, दहातल्या निम्म्या ठिकाणी केबलमधून काढलेली जाड तार पिळून घातलेली सापडेल. कारण तेच. बारीक तार रात्री जाते, पाणी तुटतं, पऱ्हाटीच्या ओळी कोरड्या राहतात आणि ते सकाळी सगळ्यांना दिसतं. जाड तारेमुळे मोटर जळते ती कधीतरी, आणि तेव्हा दोष रिवाइंडिंगवाल्याच्या माथी.

तिसरं ठिकाण पूर्वेकडचं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मालगुजारीच्या काळातले तलाव आहेत, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. धानाच्या बांध्या त्यांच्यावर पिकतात. यातले कितीतरी कोहळी समाजानं बांधलेले. प्रत्येकाला सांडवा आहे, म्हणजे पाळीपेक्षा मुद्दाम खाली ठेवलेली, दगडानं बांधलेली जागा. जास्तीचं पाणी तिथून जातं, कारण मातीच्या पाळीवरून पाणी वाहिलं तर ती कापत जाते आणि तलाव फुटतो. आता लोक काय करतात? भादव्यात पाणी वाहून चाललेलं बघवत नाही म्हणून सांडव्यावर रेतीची पोती रचतात. मासेमारीवाले मासे जाऊ नयेत म्हणून आडवी जाळी लावतात. तिच्यात पालापाचोळा, बेशरमाची झुडपं, फांद्या अडकतात आणि जाळीची भिंत होते. एका मोठ्या पावसाची वाट असते फक्त.

बोल्ट, किटकॅट, सांडवा. तीन वेगळ्या शाखा, तीन वेगळी पाठ्यपुस्तकं, आणि ओढाताण अक्षरशः एकच. मुद्दाम ठेवलेली एक कच्ची जागा असते. तिचा त्रास लहान, पण वारंवार आणि डोळ्यांपुढे. तिनं टाळलेलं नुकसान मोठं, पण क्वचित, आणि बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या पदरात पडणारं. दुरुस्त करणारा हात घाईत असतो आणि बरोबर वस्तू त्याच्याजवळ नसते. या चार गोष्टी जुळल्या की ती जागा लोक हमखास मजबूत करतात. माणसं मूर्ख असतात म्हणून नव्हे. त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

हे असं मांडलं की उपायही आपोआप सुधारतो. "ड्रायव्हरला समज द्या" हा उपाय बाद, कारण ओढाताणीतलं काहीच त्यानं बदलत नाही. चालतं ते हे: बरोबर ग्रेडचे पाच-सहा बोल्ट आणि पाना रोटाव्हेटरच्या फ्रेमलाच डबीत बांधून ठेवा, म्हणजे बरोबर वस्तू चुकीच्या वस्तूपेक्षा जवळ राहील. किटकॅटच्या जागी तीन पोलचा ब्रेकर लावा, त्यात तार घालायची सोयच नाही. सांडव्यावर मासे अडवायचेच असतील तर जाळी सांडव्याच्या तोंडाशी नको; बरीच आत, तलावाच्या बाजूला, लांबच्या लांब वळणात लावा म्हणजे पाण्याला जागा राहते, आणि पावसाळ्यात ती साफ करायची जबाबदारी ज्याचे मासे त्याची.

खरी गंमत पुढे आहे. एका शाखेला जे दिसतच नाही ते दुसरी शाखा त्याच कागदात भरते. रोटाव्हेटरला एक बोल्ट असतो. तो तुटला की शाफ्ट मोकळा, विषय संपला. मेकॅनिकलवाल्याला इथं दुसरं काही सुचणार नाही. इलेक्ट्रिशियनला मात्र ठाऊक असतं की तीन किटकॅटपैकी एकच तार गेली तर मोटर थांबत नाही. ती दोन फेजवर घुमत राहते, करंट चढतो, वाइंडिंग करपतं. म्हणून एक फेज गेली की मोटरच बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आला. म्हणजे कागदावर नवी ओळ: कच्ची जागा तुटली की सगळं एकदम सुटलं पाहिजे, अर्धवट सुटलेलं न सुटलेल्याहून वाईट. ही ओळ घेऊन मी डाळ मिलमध्ये परत गेलो तेव्हा तीन व्ही-बेल्टच्या पुलीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. एक बेल्ट तुटला की उरलेले दोघे भार घेतात, घसरतात, तापतात, आणि तिथंच भुसा साचलेला असतो. आम्ही नियम केला: एक गेला तर मशीन बंद, तिन्ही बेल्ट एकाच सेटमधले नवे. बेल्ट कंपन्याही तेच सांगतात, पण मिलमधल्या पोरांना ते पटलं मोटरच्या उदाहरणावरून, कारण जळलेली मोटर त्यांनी पाहिलेली होती.

तुमच्या भावानं यात आणखी एक ओळ घालावी. सॉफ्टवेअरमध्ये सर्किट ब्रेकर नावाचाच पॅटर्न आहे: समोरची सेवा सारखी नापास होऊ लागली की तिला हाक मारणंच थांबवायचं, थोड्या वेळानं एकच हाक मारून बघायची, जमली तर पुन्हा सुरू. विजेच्या लाइनवर रीक्लोजर नेमकं हेच करतो, कारण उघड्या तारांवरचे बरेचसे दोष क्षणाचे असतात, फांदी घासली, पक्षी बसला. दोन-तीनदा लावून बघतो आणि तरीही दोष राहिला तर कायमचा उघडतो. कच्ची जागा परत जोडायची कुणी, किती वेळानं आणि किती वेळा, हा प्रश्न आपल्या बोल्टवाल्या कागदात नव्हताच. दिवसातून दोनदा बोल्ट तुटतोय म्हणजे तिसरा बोल्ट घालायची वेळ नाही, खोली कमी करायची किंवा ते वावर सोडायची वेळ आहे, हे रीक्लोजरकडून शिकण्यासारखं.

आता सावधगिरी. वरून सारखं दिसणारं सगळं एक नसतं. डाळ मिलमध्ये मशीन शेवटाकडून सुरू करतात: आधी बाहेर काढणारा एलेव्हेटर, मग चाळणी, मग रोल, सर्वांत शेवटी माल टाकणारा हॉपर. बंद करताना उलटं. कारण सरळ आहे, पुढचं थांबलेलं असताना मागचं चालू झालं तर माल तुंबतो, एलेव्हेटरच्या बकेटी गाडल्या जातात आणि बूट, म्हणजे त्याचा तळचा डबा, खोलून हातानं उपसावं लागतं. कालव्याच्या पाणीवाटपातही आपल्याकडे "शेपटाकडून तोंडाकडे" असा क्रम सांगितला जातो. दोन्ही एकच पॅटर्न म्हणून लिहायचा मोह एका हुशार ज्युनिअर इंजिनिअरला झाला होता. मी त्याला विचारलं, ओढाताण सांग. कालव्यात शेपटापासून देतात ते तोंडाकडचा शेतकरी आधी घेऊ लागला तर शेवटच्या वावराला पाणी पोचतच नाही म्हणून. तो न्यायाचा प्रश्न आहे, तुंबण्याचा नाही. एक मोडला तर बकेट भरते, दुसरा मोडला तर पाणी वापर संस्थेच्या बैठकीत भांडण होतं. एका कागदावर टाकले असते तर वाचणाऱ्यानं मिलचा इंटरलॉक, म्हणजे पुढचं चालू नसताना मागचं सुरूच होऊ न देणारी सोय, कालव्यावर शोधत बसायचं! आकार जुळला तर आनंद मानू नका, ओढाताण जुळली तर माना.

एक पॅटर्न पूर्ण लिहून दाखवतो, म्हणजे बांधणी लक्षात येईल. नाव ठेवलं आहे "पाळीनं उठा".

कुठे लागू: एकाच डीपीवर, म्हणजे वावरातल्या ट्रान्सफॉर्मरवर, बरेच कृषिपंप, तीन फेज लाइन ठरावीक तासच, आणि ती येण्याची वेळ सगळ्यांना एकच.

ओढाताण: लाइन आठवड्याच्या चक्रानं कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्री दोनला वावरात जाऊन बटण दाबायचं म्हणजे पुसाची थंडी, साप, रानडुक्कर, आणि हल्ली बिबट्याची भीती. म्हणून शेतकरी मोटर ऑटोवर टाकतो. लाइन आली की ती आपोआप उठते. पण सगळ्यांच्या एकदम उठतात. ५ एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, थेट सुरू होताना सहापट, म्हणजे पंचेचाळीस. पंधरा मोटरी चालताना ११०-११५ अँपिअर होतात. १०० केव्हीएच्या डीपीची एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, बाजूची क्षमता साधारण १३३ अँपिअर, म्हणजे बसतं. त्याच पंधरा एकदम उठल्या तर पावणेसातशे अँपिअर, क्षमतेच्या पाचपट. व्होल्टेज कोसळतं. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो; व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं की टॉर्क निम्माच. मग मोटरी रखडतात, सुरुवातीचा भारी करंट लांबतो, डीओ (डीपीवरचा फ्यूज) जातो किंवा काही दिवसांनी डीपीच जळतो, आणि ऐन हरभऱ्याच्या पाण्याला अख्खा शिवार अंधारात. महावितरण वर्षानुवर्षं सांगतं की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा. कपॅसिटर लावायलाच हवा. ऑटो मात्र कुणी काढत नाही, आणि ज्यानं रात्री दोनला वावर पाहिलं आहे तो त्यांना दोष देणार नाही.

म्हणून: प्रत्येक ऑटोला उशिरा उठवणारा टायमर जोडा आणि प्रत्येकाची वेळ वेगळी ठेवा. वेळ कुणी ठरवायची यावरून गावात तंटा होतो, म्हणून ती कुणीच ठरवू नये. वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकाचा शेवटचा आकडा घ्या, दहानं गुणा, तितके सेकंद. शून्यवाला लगेच उठतो, नऊवाला दीड मिनिटानं. एका वेळी एखाददुसरी मोटर उठते, कधी तीन-चार. दीड मिनिटासाठी कुणाचं पीक जळत नाही, हे एकदा पटलं की काम सोपं. टायमर बसवणं वायरमनचं काम, आणि लाइनमनच्या कानावर घालून.

नंतर काय होतं: लाइन झटका मारून गेली-आली तर टायमर शून्यापासून मोजायला हवा, काही स्वस्तातले तसं करत नाहीत, घेताना तपासा. विहीर कोरडी असेल तर ऑटोवरची मोटर कोरडीच फिरेल, ड्राय रन प्रिव्हेंटर लागतोच. आणि सर्वांत महत्त्वाचं: आता लाइन आल्यावर मोटर गप्प असली म्हणजे ती बंद आहे असं नाही. मिनिटभरानं उठेल. पेटीत किंवा पंपाला हात घालायच्या आधी मेन स्विच खाली. हे पेटीच्या दारावर रंगानं लिहा.

आणखी कुठे: शीतगृहात लाइट गेल्यावर जनरेटरवर कॉम्प्रेसर एकामागून एक घेतात. डाळ मिलमध्ये मोठ्या मोटरी मध्ये दम देऊन सुरू करतात. कॉम्प्युटरच्या जाळ्यात दोघांचे संदेश एकदम आदळले की प्रत्येक यंत्र मनानं ठरवलेला, यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवतं. इथरनेटनं १९७० च्या दशकात हेच सुरू केलं, आणि सर्व्हर पडून उठल्यावर लाखो मोबाइलनी एकदम हाक मारू नये म्हणून तुमचा भाऊही हेच करत असणार. ग्राहक क्रमांकाची युक्ती मला तिथूनच सुचली. वरून कुणी पाळी लावायची गरज नाही, वेगळेपण प्रत्येकाकडे आधीपासून असतं.

खात्री: दोन तारे.

ताऱ्यांचं सांगायचं राहिलं. अलेक्झांडर प्रत्येक पॅटर्नच्या नावापुढे दोन, एक किंवा शून्य तारे टाकायचा: दोन म्हणजे याला टाळून चांगलं काही होणार नाही असा विश्वास, शून्य म्हणजे दुसरे मार्ग असतील, हा एक. ही सवय मला त्याच्या सगळ्या पद्धतीतली सर्वांत कामाची वाटते. आपल्याकडे दोन टोकं असतात, पुस्तकात छापलेलं म्हणजे ब्रह्मवाक्य आणि मिस्त्रीनं सांगितलेलं म्हणजे गप्पा. ताऱ्यामुळे मिस्त्रीचं अर्धवट निरीक्षणही कागदावर येतं, आणि ते अर्धवट आहे हेही. पॅटर्नवाल्यांत दुसरा एक संकेत आहे तोही पाळा: तीन ठिकाणी, एकमेकांना न विचारता, लोक त्याच उत्तरावर आलेले असतील तरच त्याला पॅटर्न म्हणायचं. तुम्हाला काल सुचलेली युक्ती, कितीही झकास असो, अजून युक्तीच.

"कुठे लागू" ही ओळ लोक कंटाळून सोडतात. विदर्भात ती सोडून चालत नाही, कारण आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. जुन्या लोकांनी वस्ती पांढरीवर आणि पीक काळीत ही वाटणी उगाच केली नव्हती. आता सोलर पंपाचे खांब काळीतच उभे करावे लागतात, आणि मुरमाड माळावर वर्षानुवर्षं ताठ राहिलेला तोच पाया काळ्या मातीत दुसऱ्या पावसाळ्यात पॅनल कलता करतो. गवंडी सांगतो, खड्डा मोठा घ्या आणि रेती-मुरूम भरा. अर्धं बरोबर आहे. भरलेलं साहित्य नुसतं पाणी पिणारं असेल तर आजूबाजूची चिकण माती पाणी सोडत नाही आणि तुमचा खड्डा टाकीसारखा भरून राहतो. तळची माती आणखी फुगते. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी यावर बरंच काम केलं: फुगत नाही पण चिकटून राहते अशा मातीचा, त्यांच्या भाषेत सीएनएसचा, दाबून भरलेला थर. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तराखाली तो वापरतात. मातट मुरूम, जो ओला करून मुठीत दाबला तर गोळा धरतो पण वाळल्यावर तडकत नाही, तो यासाठी साधारण बरा. मोठं काम असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या. म्हणजे कालव्याचं ज्ञान सोलरवाल्याच्या खांबाला लागलं. पण जमीन कुठली हे पहिल्या ओळीत नसतं तर माळावरचा माणूस विनाकारण खर्च करत बसला असता.

लिहायचं कसं? एकट्यानं लिहू नका. पॅटर्नवाल्यांच्या बैठकीत एक रीत आहे, लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी, जणू तो तिथं नाहीच असं समजून, कागदावर बोलायचं. तुमच्या टपरीवर हे जमेल. मोठ्यानं वाचा आणि तोंड बंद ठेवा. "हे असं नाही बे, आधी फेज पाहा लागते" असं रिवाइंडिंगवाला म्हणाला की समर्थन करायचं नाही, लिहून घ्यायचं. पहिल्या दोन बैठका अवघड जातात. आपण इंजिनिअर लोकांना मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही.

एक अडचण येणारच: मिस्त्री हातचं राखून सांगेल. त्यात गैर काही नाही, तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. गिअरबॉक्स वाचवायची विद्या गावभर झाली तर गिअरबॉक्सचं काम कमी होणार हे त्यालाही कळतं. माझा अनुभव असा की ओढाताण सांगायला कुणी कचरत नाही, उलट रंगून सांगतात, कारण त्यात त्यांचा वैताग असतो. हातची सफाई, कुठल्या आवाजाला बेअरिंग गेलं समजायचं, कॉइलचा पिळ किती, हे ते ठेवून घेतात. ठेवू द्या. तसंही ते कागदावर उतरत नाही. ज्यानं सांगितलं त्याचं नाव, त्याला चालत असेल तर, कागदाखाली लिहा. गावात त्याची किंमत राहते.

याच वाटेनं आणखी एक माणूस गेला होता, सोव्हिएत रशियातला आल्टशुलर. त्यानं पेटंट तपासून शोधांमागचे परस्परविरोध काढले आणि चाळीस तत्त्वं बसवली. हुशार काम आहे, भावाला वाचायला सांगा. आपल्या कामाला मात्र ती तत्त्वं फार उंचावरची वाटतात; "वस्तूचे भाग करा" या तत्त्वावरून रोटाव्हेटरला डबी बांधायचं कुणाला सुचत नाही.

ठेवायचं कुठे, तर आधी ॲप काढू नका. दोनशे पानी रजिस्टर, एका पॅटर्नला समोरासमोरची दोन पानं, डावीकडे हातानं काढलेली आकृती, उजवीकडे मजकूर. उजव्या पानाखाली जागा मोकळी सोडा, "नंतर काय होतं" ही ओळ दरवर्षी वाढत जाते. पानाचा मोबाइलवर फोटो काढून ज्याला हवा त्याला पाठवा. भावाला वाटलं तर तो नंतर नीट मांडेल.

सुरुवात शिअर बोल्टपासून करा. एप्रिल-मेमध्ये रोटाव्हेटर तुमच्याकडे येतातच. प्रत्येकात कुठल्या ग्रेडचा बोल्ट निघाला, कंपनीनं कुठला सांगितला होता आणि आत काय तुटलं होतं, या तीन गोष्टी लिहून ठेवा. काढलेला बोल्ट फेकू नका, चिठ्ठी बांधून डब्यात टाका. जून लागेपर्यंत पहिल्या पानाचा मजकूर तयार होईल, मग रिवाइंडिंगवाल्याला त्याच्या किटकॅटबद्दल विचारा.